आशयचा रविवार

हेमलताबाईंनी गाडीचं पुढचं दार उघडलं, तर शलाका तिथे आधीच पट्टा लावून बसली होती.

"तू मागे बस. मी पुढे बसते," हेमलताबाई म्हणाल्या.

"मागे मला मळमळतं आई. माहितीये तुला."

ते खरंच होतं, अगदी लहानपणापासूनचं. तरी हेमलताबाई एका हातात डब्यांची पिशवी आणि दुसऱ्या हातात दार धरून उभ्याच राहिल्या. त्यांनी उपेंद्ररावांकडे पाहिलं. उपेंद्रराव स्टिअरिंगवर दोन्ही हात ठेवून बेंगळूरच्या जयनगरातल्या रिकाम्या गल्लीकडे बघत होते. बस गं मागे, एक दिवसाचा प्रश्न आहे, असं ते मान न वळवता म्हणाले. मग त्या मागे बसल्या, पण चेहरा असा केला की जणू दोघं त्यांना घरीच ठेवून निघाली होती.

शलाका काही सहज आली नव्हती. रविवारची सकाळ म्हणजे कोरमंगल्यातल्या तिच्या फ्लॅटमध्ये पडदे ओढून झोपायची वेळ. पण आठवड्यापूर्वी खालच्या मजल्यावरच्या नरसिंहरावांचा फोन आला. मी उगीच नाक खुपसतोय असं समजू नकोस, असं आधी दोनदा सांगून ते म्हणाले की, तुझ्या बाबांनी पार्किंगचा खांब पुन्हा घासला आणि गाडीतून उतरून कुठे लागलं ते हाताने चाचपून बघत होते. फोन ठेवल्यावर शलाकाचा जीव थाऱ्यावर राहिला नाही. तिने ठरवलं की, एकदा शेजारी बसून स्वतः बघायचं, आणि परत आल्यावर गाडी विकायचा विषय काढायचा.

हा विषय काढणं सोपं नव्हतं, कारण गाडी म्हणजे नुसती गाडी नव्हती. शलाकाचा धाकटा भाऊ आशय नंदीच्या डोंगराच्या पायथ्याशी एका संस्थेत राहत होता. वय वाढलं, अंगाने बाबांपेक्षा उंच झाला, दाढीत पांढरे केस आले, तरी कोणता बूट कोणत्या पायातला हे त्याला अजून कुणीतरी सांगावं लागे. बोलायचा मोजकं. एक रविवार सोडून एक रविवार आई-बाबा त्याला भेटायला जात, आणि त्या दिवशी तो सकाळपासून फाटकाशी उभा राही. लाल गाडी यायची, उजव्या खिडकीत बाबा दिसायचे, आशय खिडकीवर टकटक करायचा आणि मग त्याचा दिवस सुरू व्हायचा.

गेल्या पावसाळ्यात गाडी गॅरेजमध्ये होती म्हणून दोघं टॅक्सीने गेले. आशयने टॅक्सी पाहिली, उजव्या खिडकीतला परका माणूस पाहिला आणि खोलीत जाऊन आतून कडी लावली. आई-बाबा दिवसभर दाराशी बसून परत आले. तो पुढे दोन दिवस जेवला नाही. तेव्हापासून ड्रायव्हर ठेवूया, असं शलाकाने म्हटलं की हेमलताबाई एवढंच विचारत, "आणि त्याने पुन्हा कडी लावली तर?"  तिथे जाणाऱ्या माणसाला याचं उत्तर सुचलं असतं. ती स्वतः गणपतीनंतर गेलीच नव्हती.

शहर जागं व्हायच्या आत बाहेर पडायचं हा उपेंद्ररावांचा नियम होता. विमानांच्या सरकारी कारखान्यात आयुष्य काढलेला माणूस. नियम मोडला तर त्याला चुकल्यासारखं व्हायचं. हेब्बाळचा उड्डाणपूल ओलांडला, येलहंका मागे पडलं आणि मग डोंगराकडे जाणारा राज्य महामार्ग लागला. महामार्ग हे नाव कागदावरचं. मधोमध पुसट पांढरी रेघ, दोन्ही बाजूंना चिंचा, मध्येच द्राक्षांचे मांडव, मध्येच शेवंतीचं शेत, आणि प्रत्येक गावाच्या तोंडाशी गावकऱ्यांनी आपल्या मर्जीने घातलेले गतिरोधक.

मागच्या सीटवरून हेमलताबाईंच्या तोंडाचा पट्टा जयनगरपासूनच चालू होता. पुढे बस थांबलीये. डावीकडून स्कूटर. ती बाई रस्ता ओलांडणार बघा हं, अडाणीच आहे. गतिरोधक आला, मोठा आहे. त्या दोन सीटच्या मधून मान पुढे काढून बसल्या होत्या, आणि शलाकाच्या कानाला त्यांचा श्वास लागत होता.

"आई, बाबांना दिसतंय सगळं. तू जरा टेक ना मागे."

"मला सवय आहे बोलायची."

"पूर्वी नव्हती. पूर्वी तू येलहंक्याच्या आत घोरायला लागायचीस."

हेमलताबाई यावर हसल्या नाहीत. उपेंद्ररावच म्हणाले की, बोलू दे गं, मला बरं वाटतं. शलाकाने मनाशी म्हटलं, वय झालं की माणसं एकमेकांना कशीही सांभाळून घेतात. तिने बाबांकडे नीट पाहिलं. हात स्थिर होते, गिअर वेळेवर पडत होते, वेग बेताचा होता. नरसिंहरावांना राईचा पर्वत करायची खोडच आहे, असंही तिला वाटून गेलं आणि बरं वाटलं.

दोड्डबळ्ळापूरच्या पुढे मागचा आवाज हळूहळू तुटक झाला. हेमलताबाई पहाटे चारला उठल्या होत्या. आशयला ताज्याच हव्यात म्हणून पुरणपोळ्या सकाळी केल्या होत्या आणि सर्दीची गोळी घेतली होती. ट्रॅक्टर... म्हणता म्हणता त्यांची मान खिडकीला टेकली.

गाडी हळू झाली. आधी ते शलाकाच्या लक्षात आलं नाही. मागून एक टेम्पो हॉर्न देत निघून गेला, मग एक रिक्षा आणि शेवटी गवताचे भारे लादलेला ट्रॅक्टरसुद्धा त्यांना मागे टाकून गेला. उपेंद्ररावांनी गाडी रस्त्याच्या अगदी कडेला घेतली आणि चिंचेखाली थांबवली.

"काय झालं?"

"चहा घेऊ."

इथे चहा मिळत नव्हता. आजूबाजूला शेतं होती आणि लांबवर डोंगर. शलाकाने तसं म्हटल्यावर उपेंद्रराव म्हणाले, बरं मग पाच मिनिटं थांबू, तिची झोप होऊ दे. अहो बाबा, चालत्या गाडीत झोप जास्त चांगली लागते, शलाका म्हणाली. दुपारी चार वाजता तिचा एका ग्राहकाबरोबर कॉल होता आणि त्याच्या आत तिला घरी पोचायचं होतं. उपेंद्ररावांनी आरशात पाहिलं, मागे वळून पाहिलं. हेमलताबाईंना उठवायला हात पुढे केला आणि मागे घेतला.

"निघूया ना बाबा. मी जागी आहे की."

"हो," ते म्हणाले. "तू आहेस."

त्यांनी गाडी पुन्हा रस्त्यावर आणली.

पौष महिन्यात या रस्त्यावर मळणी चालते. नाचणी काढली की तिचं काड कणसासकट सरळ डांबरी रस्त्यावर अंथरायचं. येणाऱ्या-जाणाऱ्या गाड्यांची चाकं फिरून फिरून दाणे सुटतात, मग काड उचलायचं आणि दाणे झाडून एका जागी गोळा करायचे. गाड्यांनाही याची सवय आहे. काडावरून खुशाल जायचं, फक्त दाण्यांच्या ढिगाभोवती दगड मांडलेले असतात ते टाळायचे. वळण संपलं आणि समोर असाच अर्धा रस्ता तपकिरी झालेला शलाकाला दिसला. त्याच्या टोकाला दगडांचं रिंगण, आणि रिंगणात पाठमोरी वाकून सुपाने नाचणी पाखडणारी लाल साडीतली बाई. बाबा आता उजवीकडे घेतील, असं तिला वाटलं. बाबा काडावरून सरळ जात राहिले. त्यांची नजर पुढेच होती, अगदी त्या बाईवर होती, आणि चेहऱ्यावर काहीच नव्हतं.

"बाबा, थांबा!"

ब्रेक लागला, काडावर चाकं घसरली, एक दगड बंपरखाली खडखडला. गाडी थांबली तेव्हा ती बाई वळून उभी होती, आणि तिच्या नि गाडीच्या मध्ये तिने धरलेलं सूप होतं. बस्स, तेवढंच अंतर. मागे हेमलताबाई पुढच्या सीटवर आदळून जाग्या झाल्या आणि जाग येताच त्यांनी विचारलं, "कोण होतं? कोण होतं पुढे?"

बाईने आधी सूप खाली ठेवलं आणि मग तोंड उघडलं. तिने बाबांच्या खिडकीशी येऊन जे सुनावलं त्यातलं निम्मं शलाकाला कळलं नाही, पण शेवटचं कुणालाही कळलं असतं.

"कण्णु काणल्वा?" डोळ्यांना दिसत नाही का?

उपेंद्ररावांनी काच पूर्ण खाली केली. ते त्या बाईकडे बघत होते, किंवा तिच्या आवाजाकडे.

"काणल्ल, अम्मा," ते म्हणाले. "दिसत नाही." दुसऱ्यांदा त्यांनी मराठीत सांगितलं, ते कुणासाठी हे शलाकाला कळलं.

 बाईने त्यांच्या पांढऱ्या केसांकडे पाहिलं, मग शलाकाकडे. मग ती तिच्या भाषेत, आता आवाज न चढवता, शलाकाला म्हणाली की, अगं बाई, तू शेजारी बसून काय करत होतीस? आणि काठीने काड सरळ करायला निघून गेली.

 सगळ्यांत आधी हेमलताबाई उतरल्या. दगड उडाल्यामुळे नाचणी रस्त्यावर पांगली होती. त्या खाली बसल्या आणि ओंजळीने दाणे पुन्हा ढिगावर टाकू लागल्या. शलाका उतरून त्यांच्यासमोर बसली. 

"कधीपासून?"

वर्षापूर्वी कळलं, हेमलताबाई म्हणाल्या. डोळ्याचा पडदा खराब झालाय. कडेचं दिसतं, मधलं जातं. समोर बघितलं की नेमकं समोरचंच पुसट. डॉक्टरांनी त्याच दिवशी गाडी बंद करायला सांगितली होती. आधी मी नुसत्या पाट्या वाचायचे, मग गतिरोधक सांगायला लागले, मग माणसं.

"आणि तू झोपलीस," शलाका म्हणाली. "आई, ती बाई मेली असती. आज, माझ्या डोळ्यांदेखत. तुम्ही दोघांनी काय खेळ मांडलाय हा?"

"माहितीये."

"माहितीये काय? मला एक फोन करता आला नाही तुला?"

"तुला फोन केला असता तर तू गाडी काढून घेतली असतीस. बरोबरच केलं असतंस." हेमलताबाईंनी ओंजळ रिकामी केली. "दर वेळी वाटायचं, एवढा एक रविवार जाऊ दे. तो वाट बघत उभा असतो गं. तू नाही ऐकलंस, कडी लावल्यावर आतून कसा रडत होता. मला ते पुन्हा ऐकवणार नाही. मी वाईट बाई आहे म्हण हवं तर."

शलाकाला खूप बोलायचं होतं आणि त्यातलं बरंचसं खरं होतं. पण त्या अनोळखी बाईचा प्रश्न तिला सोडत नव्हता. ती दाणे वेचत राहिली. थोड्या वेळाने त्या बाईने येऊन, पुरे आता, उन्हाच्या आत पोचा, असं हाताने खुणावत सांगितलं.

दोघी गाडीशी आल्या तेव्हा उपेंद्रराव डावीकडच्या सीटवर जाऊन बसले होते. किल्ली उजव्या सीटवर ठेवली होती.

शलाकाने गाडी चालवली. आता मागून एक शब्दही येत नव्हता, आणि त्या शांततेत तिला प्रत्येक गतिरोधक, प्रत्येक कुत्रं, रस्त्यात येणारं प्रत्येक पोर वेगळं दिसत होतं. एवढं सगळं आईने वर्षभर तोंडाने वाहून नेलं, या विचाराने तिला रागही येत होता आणि रडूही. डोंगर आता काचेत मावत नव्हता. महामार्ग सोडून मातीच्या रस्त्याला लागल्यावर हेमलताबाईंनी हळूच सुचवलं की, फाटकाच्या अलीकडे झाडं आहेत, तिथे यांना उजवीकडे बसू दे. तिथून रिकामा रस्ता आहे, चिटपाखरू नसतं. तू बाजूने चालत ये. त्याला काही कळायचं नाही.

शलाकाने वेग कमी केला. खरं सांगायचं तर तिलाही ते पटलं होतं.

"नको," उपेंद्रराव म्हणाले. "चालव तू."

"अहो, पण तो..."

"लावू दे कडी. बसू आपण दाराशी." त्यांचा आवाज चिरकला. "आज त्या बाईच्या जागी मला काही म्हणजे काही दिसलं नाही हेमा. मी पुन्हा तिथे बसणार नाही."

आशय फाटकाशी उभा होता. इस्त्रीचा निळा शर्ट, वरपर्यंत लावलेली बटणं. उशीर झाल्यामुळे तो वैतागला असावा; फाटकाचा खटका वरखाली करत होता. लाल गाडी दिसताच तो उजव्या खिडकीशी आला, टकटक करायला बोट उचललं आणि त्याला आत शलाका दिसली. बोट तसंच राहिलं. तिने काच खाली केली, हसायचा प्रयत्न केला, आशू, म्हटलं. त्याने तिच्या पलीकडे पाहिलं. बाबा डावीकडे बसले होते. तो बराच वेळ बाबांकडे बघत राहिला. मग वळला आणि भराभरा आत चालू लागला.

"गेला," हेमलताबाई म्हणाल्या, आणि पिशवी मांडीवर घट्ट धरून बसल्या.

कुणी उतरलं नाही. उतरून करायचं काय, हा प्रश्नच होता. आतून काहीतरी ओढल्याचा आवाज आला, मग पत्र्याची बादली आपटल्याचा, मग कुणीतरी भांडल्याचा. संस्था चालवणाऱ्या राजलक्ष्मी लगबगीने फाटकाशी आल्या. त्यांचं घराणं पिढ्यान् पिढ्या बेंगळूरचं. मराठी बोलायच्या ती अर्धी कन्नडच.

"अक्का, स्वल्प थांबा हं गाडीतच. तो सोडणार नाही आता आत कुणाला."

"कडी लावली का हो?" हेमलताबाईंनी विचारलं.

"कडी? कडी कशाला? वाट साफ करतोय की तो." त्यांनी कपाळाला हात लावला. "दसऱ्याला हे अण्णा पाण्याच्या पाइपला अडखळले होते, आठवतंय? तेव्हापासून हेच चाललंय. तुमचा रविवार आला की वाटेवर काही ठेवायचं नाही. बादली नाही, चपला नाही, कुंडीसुद्धा नाही. सकाळी सगळं उचललं होतं त्याने. तुम्हाला उशीर झाला, पोरांनी परत पसरलं, म्हणून आता भांडतोय. आम्हाला वाटलं, नवा हट्ट धरला. सरी, ठीक, धरू दे म्हटलं."

 हेमलताबाईंनी उपेंद्ररावांच्या पाठीकडे पाहिलं. ते मान खाली घालून बसले होते आणि त्यांचे खांदे हलत होते.

आशय परत आला तेव्हा त्याच्या शर्टाची बाही ओली झाली होती आणि हातांना चिखल लागला होता. या वेळी तो उजव्या खिडकीशी आला नाही. गाडीला पुढून वळसा घालून तो डावीकडे गेला, दार उघडलं आणि बाबांच्या कोपराखाली हात घातला.

"चल," तो म्हणाला. "सगळं उचललं."